मासळीच्या साठ्याचा अंदाज आणि हौशी मासेमारी

समुद्रात एखाद्या जातीची मासळी किती उरली हे ठरवताना, विक्रीसाठी न पकडलेली मासळीही हिशेबात धरण्याची पद्धत. धंद्याच्या बोटींचा माल बंदरावर उतरतो, तोलला जातो, त्याची नोंद होते. खडकावर गळ टाकून बसलेल्या हौशी माणसाची पिशवी कोणी तोलत नाही. म्हणून तिचा आकडा विचारूनच काढावा लागतो. लोक किती वेळा मासे धरायला गेले हे घरोघरी प्रश्नावली पाठवून कळते. दर खेपेस किती मासे लागले हे धक्क्यावरच्या मुलाखतींतून. दोहोंचा गुणाकार म्हणजे एकूण पकड.

या गुणाकाराचा भरवसा किती, हे अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बासने दाखवले. हा मासा बहुतांशी हौशी लोकच मारतात. पूर्वी त्यांच्या खेपा घरच्या टेलिफोनवर विचारत. ते फोन कमी झाले तशी प्रश्नावली टपालाने जाऊ लागली आणि खेपांचा आकडा कैक पटींनी वाढला. २०१८ साली १९८१पासूनचे अंदाज नव्या मापाने पुन्हा मांडले गेले. इतके मासे मारले गेले असतील तर मुळात साठाही मोठाच असणार, म्हणून साठ्याचा अंदाज वाढला. पण धोक्याची पातळी, म्हणजे साठा ज्याखाली जाऊ नये ती किमान पातळी, त्याहून वर गेली. २०१७मध्ये प्रजननक्षम माद्यांचे वजन सुमारे ६८ हजार टन भरले, किमान पातळी मात्र सुमारे ९१ हजार टन. आधीच्या हिशेबात सुरक्षित असलेला साठा अतिमासेमारीने खालावलेला ठरला.

२०२३ साली उलटा धक्का बसला. टपालाच्या प्रश्नावलीत आधी गेल्या दोन महिन्यांच्या आणि मग वर्षाच्या खेपा विचारत. चाचणीत हा क्रम फिरवताच खेपांचा अंदाज ३० ते ४० टक्क्यांनी उतरला. निव्वळ प्रश्नांच्या क्रमाने!

सोडून दिलेला मासा हा आणखी नाजूक भाग. त्यांतले ९ टक्के मरतात असे गृहीत धरतात. हा सरसकट आकडा आहे; पाणी कोमट असेल किंवा गळ घशाखाली गेला असेल तर मासा वाचणे कठीण. म्हणूनच २०२१पासून आमिषासोबत आत वळलेल्या टोकाचा, ओठात अडकणारा गळ सक्तीचा झाला. त्याआधीचा, २०१७चा हिशेब पाहिला तर हौशी लोकांनी घरी नेलेल्या माशांपेक्षा सोडल्यावर मेलेलेच जास्त भरतात. २०२०मध्ये समुद्रात २८ ते ३५ इंचांचाच मासा ठेवण्याची मुभा राहिली, २०२३मध्ये वरची मर्यादा ३१ इंचांवर आली. त्याहून मोठा मासा लागला तर तो पाण्यातच परत जातो, आणि हिशेबात पुन्हा त्या ९ टक्क्यांच्या रकान्यात.