'लेखिका' या शब्दामागचा इतिहास

कार्यक्रमपत्रिकेवर 'सुप्रसिद्ध स्त्री लेखिका' किंवा 'महिला कवयित्री' असं छापलेलं अजूनही दिसतं. 'लेखिका' म्हटल्यावर ती बाईच असणार, तरीही त्याआधी 'स्त्री' जोडायचंच. 'पुरुष लेखक' मात्र कुणी छापत नाही. हा वाद नवा वाटतो, पण त्याची मुळं आपल्या व्याकरणात आहेत.

संतांच्या अभंगाच्या शेवटी 'म्हणे' येतं. या क्रियापदाला लिंग नाही. बोलणारा वाणी असो की कुणाच्या घरची दासी, दोघांचं 'म्हणे' एकच. 'संत कवयित्री' हे खातं नंतरच्या अभ्यासकांनी उघडलं. आजच्या गद्यात ती सोय नाही. 'मी गेलो' की 'मी गेले' हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. 1846 मध्ये इंग्लंडातल्या तीन ब्राँटे बहिणींनी धड पुरुषी नाही, धड बायकी नाही अशी टोपणनावं घेऊन कवितांचं पुस्तक काढलं. इंग्रजीत 'मी'च्या क्रियापदाला लिंग नसल्यामुळे असं लपणं सोपं. मराठीत आत्मकथन लिहायचं तर क्रियापदच चहाडी करतं.

'विभावरी शिरूरकर' हे मराठीतलं प्रसिद्ध टोपणनाव म्हणूनच वेगळं ठरतं. 1933 साली वयात आलेल्या, शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं सांगणारा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह या नावानं आला आणि गहजब झाला. नाव बाईचंच होतं, त्यामुळे लपवलं गेलं ते लिंग नव्हे, घर आणि आडनाव. पण नाव बाईचं असूनही वाचक तर्क लढवत बसले: ही बाई कोण, की बाईच्या नावाआड पुरुष? आतल्या कथा काय म्हणतात यापेक्षा ही चौकशी जास्त रंगली. लेखिका म्हणून ओळखलं जाणं म्हणजे आधी चारित्र्याची झाडाझडती, मग पुस्तकाचं वाचन. हा क्रम पुढेही फारसा बदलला नाही, फक्त भाषा सभ्य झाली. परीक्षणांत 'स्त्रीसुलभ हळुवारपणा' आला, 'घरगुती अनुभवविश्व' आलं. पुरुषानं वाड्यातल्या भांडणावर लिहिलं की ते 'कुटुंबव्यवस्थेचं चित्रण', बाईनं लिहिलं की 'चूल आणि मूल'.

1975 हे वर्ष इथे महत्त्वाचं. त्याच सुमारास 'स्त्रीवादी' हा शब्द रुळू लागला, आणि ताराबाई शिंदे यांचा 1882 सालचा, स्त्री-पुरुषांना एकाच मापानं तोलणारा जळजळीत निबंध त्याच वर्षी पुन्हा छापला गेला. मधली 93 वर्षं तो जवळपास विस्मरणात होता. त्या बाईंचं दुसरं पुस्तक नाही.

इथून गुंता वाढला. 'लेखिका' नको, 'लेखक' म्हणा, असं म्हणणाऱ्या बायका पुढे आल्या. 'राष्ट्रपती' चालतं तर 'लेखक' का नाही, हा त्यांचा सवाल. पण 'ती मोठी डॉक्टर आहे' हे कानाला खटकत नाही आणि 'ती मोठी लेखक आहे' खटकतं. अनेकवचनात अडचण येत नाही: 'दहा लेखक आले' म्हटलं की त्यात चार बायका सहज मावतात. त्यांतली एकटी व्यासपीठावर गेली की लगेच 'लेखिका' होते. उलट बाजूचं म्हणणं असं की 'लेखक' मुळात पुरुषाचाच शब्द. तो घेणं म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा घालून मिरवणं. मला पहिली बाजू पटते, पण लिहिताना हात 'लेखिका'कडेच जातो. अभ्यासक्रमांनी आणखी घोळ घातला. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी असे 'प्रवाह' पाडले, आणि 1980 नंतर आत्मकथनं लिहिणाऱ्या दलित बायकांना कोणत्या रकान्यात टाकायचं हा प्रश्न उरला.

मराठी साहित्य संमेलनाचा हिशेब तर सर्वांना पाठच आहे. 1878 ला पुण्यात सुरुवात, पहिल्या महिला अध्यक्ष 1961 ला ग्वाल्हेरला. नंतर 1975, 1996, 2001. निवडणूक बंद होऊन एकमतानं नाव ठरवायची पद्धत आली, तेव्हा पहिल्याच खेपेला, 2019 च्या संमेलनासाठी, बाईंची निवड झाली. 2025 ला दिल्लीत 98वं संमेलन भरलं तेव्हा 'सहाव्या महिला अध्यक्ष' अशी मोजणी बातम्यांत होती, आणि पद कुठे 'अध्यक्ष' तर कुठे 'अध्यक्षा' असं छापलं होतं.