रबराचा चीक ॲसिडशिवायही गोठतो

‘ॲसिड घातल्याशिवाय रबराचा चीक गोठत नाही, म्हणजे नैसर्गिक रबर नावापुरतंच नैसर्गिक’ असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. ॲसिड वापरतात हे खरं आहे. पण चीक त्यावाचून अडत नाही.

ताज्या चिकात साधारण 30 ते 40 टक्के रबर असतं, अगदी बारीक कणांच्या रूपात. कणांवरच्या प्रथिनांच्या आवरणाला ऋण विद्युत भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. चीक तसाच राहिला की जिवाणू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात, पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) 7च्या आसपासून 5कडे उतरतो, भार संपतो आणि कण चिकटतात. दूध विरजतं तसंच. फॉर्मिक ॲसिड हेच काम लवकर आणि एकसारखं करतं, त्यामुळे रबराची शीट चांगली निघते. प्राचीन मेक्सिकोत तर चिकात एका वेलीचा रस मिसळून चेंडू करत.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे ओळखीच्या कुणाची रबराची बाग असेल, तर पडताळून पाहता येईल. दोन वाट्यांत ताजा चीक घ्या, एकीत बागायतदाराकडूनच थोडा अमोनिया घालून घ्या. दुसऱ्या दिवशी नुसत्या चिकाचा गोळा झालेला दिसेल आणि पीएच पट्टी आम्लता दाखवेल. अमोनिया आम्लता वाढू देत नाही, म्हणून अमोनियावाला चीक पातळच असेल.