सर्कल साँग आणि साउंडपेंटिंग: सूर कुणाला सुचायला हवा?

समोर नोटेशन नाही, आधी बसवलेलं गाणं नाही. एक जण हातानं काहीतरी खुणावतो आणि वीस-पंचवीस माणसं गाऊ लागतात, डोलू लागतात. असा व्हिडिओ दिसला की आपण त्याला बिनदिक्कत सर्कल सिंगिंग म्हणून मोकळे होतो. पण ते साउंडपेंटिंगही असू शकतं. दोन्ही प्रकार अमेरिकेत घडले, दोन्ही उत्स्फूर्त आहेत. गाणाऱ्याच्या वाट्याला येणारं काम मात्र दोन्हींत जवळजवळ उलटं आहे.

सर्कल साँग हे नाव बॉबी मॅकफेरिन या गायकाशी जोडलेलं आहे. ‘डोंट वरी, बी हॅपी’ हे १९८८चं गाणं अनेकांना आठवेल, ते त्याचंच. त्याआधीच, १९८६ साली, त्यानं ‘व्हॉइसेस्ट्रा’ हा गायकांचा चमू उभा केला होता, आणि १९९७ साली ‘सर्कलसाँग्ज’ हा अल्बम काढला.

यात गाणारे गोल करून, आवाजाच्या उंचीप्रमाणे गटागटानं उभे राहतात. मधला गायक सुचेल ती छोटीशी ओळ एका गटाला गाऊन दाखवतो. बहुतेक वेळा शब्द नसतातच, नुसते ‘दूम’, ‘बा’, ‘हे’ असे उच्चार. गट ती ओळ उचलतो आणि घोळवत राहतो. मग दुसऱ्या गटाला वेगळी ओळ, तिसऱ्याला आणखी वेगळी. तीन-चार ओळी एकमेकींत गुंतल्या की त्यांच्यावर तो स्वतः गातो, किंवा दुसऱ्या कुणाला तरी मधे बोलावतो. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर नगमा, म्हणजे एकच छोटी सुरावट, फिरत असतो म्हणून तबलजीला बेधडक वाजवता येतं. इथे नगमा माणसांच्या गळ्यांचा आहे.

गटातल्या माणसाला स्वतः काही सुचवायचं नसतं, आणि मला ही मोठी सोय वाटते. सुरुवातीला सगळं लक्ष ओळ न विसरण्यात जातं. पुढे तीच ओळ पुन्हा पुन्हा गाताना श्वास कुठे संपतो, ‘आ’ घशात अडकतो का, शेजारचा सूर आपल्याला वर ओढतो का, हे कळू लागतं. पायांचं काम इथेच येतं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहिलं की लय अंगात बसते, पळत नाही. खांदे सैल पडतात आणि आवाज मोकळा येतो.

बुवा म्हणतात, टाळकरी झेलतात, तसंच हे, असं आपल्याला वाटू शकतं. साम्य झेलण्यापुरतंच आहे. भजनात अभंग ठाऊक असतो, बहुधा चालही. इथे ओळ त्याच क्षणी जन्मलेली असते, आणि प्रत्येक गट एकाच वेळी वेगळी ओळ धरून असतो.

साउंडपेंटिंगची सुरुवात संगीतकार वॉल्टर थॉम्पसन यांनी १९७४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकमध्ये केली. ही खुणांची भाषा आहे; आज तिच्यात १५००हून अधिक खुणा आहेत. त्यांचा क्रमही ठरलेला: कोण, काय, कसं, कधी. म्हणजे ‘सगळे, लांब सूर, हळू, आता’. कोणता सूर, हे मात्र समोरचा सांगत नाही! तो ज्याचा त्यानं लावायचा. वीस जणांचे वीस सूर निघतात, आणि त्यातून पुढे काय घडवायचं ते खुणा करणारा ठरवतो. त्याच्यापुढे जमिनीवर एक काल्पनिक चौकट असते. बाहेर उभा राहून तो खुणा करतो आणि चौकटीत पाऊल टाकलं की त्या अमलात येतात.

हालचालीचं स्थानही इथे वेगळं आहे. सर्कल साँगमध्ये ती आवाजाला आधार देते. साउंडपेंटिंगमध्ये हालचाल हीच सामग्री असू शकते, कारण नर्तक आणि नट याच खुणांवर काम करतात. चुकीची तऱ्हाही निराळी. सर्कल साँगमध्ये ओळ निसटली तर गप्प होऊन शेजाऱ्याकडे कान द्यायचा आणि पुन्हा शिरायचं. थॉम्पसन यांच्या पद्धतीत खूण चुकीची वाचली तरी जे सुरू केलं ते ठामपणे चालू ठेवायचं. तीही सामग्रीच धरली जाते.

म्हणून पाहताना पुढच्या माणसाचं तोंड पाहा. तो ओळ गाऊन देत असेल तर सर्कल साँग. तो गप्प राहून फक्त हातांनी बोलत असेल तर बहुधा साउंडपेंटिंग.

चारचौघांत गायला लाजणाऱ्याला मी आधी सर्कल साँगकडे पाठवीन, कारण तिथे आठ-दहा माणसांच्या आवाजात स्वतःचा आवाज लपवता येतो आणि हळूहळू बाहेरही काढता येतो. वर्षानुवर्षं गुरूनं दिलेलंच गात आलेल्याला साउंडपेंटिंग जास्त देईल असं मला वाटतं. त्यासाठी आधी मोजक्या खुणा शिकून घ्याव्या लागतात. सर्कल साँगला तेवढीही तयारी नको, फक्त ओळी सुचणारा एक जण मधे हवा.