उपग्रह प्रतिमांवरून जागतिक भूआच्छादन वर्गीकरण

जमिनीच्या पाठीवर प्रत्यक्ष काय आहे (झाडे, गवत, उभे पीक, पाणी, बर्फ, उघडा खडक की बांधकाम) हे उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमांवरून ओळखून प्रत्येक पिक्सेलला (प्रतिमेतल्या सर्वांत लहान चौकोनाला) एक वर्ग देण्याच्या पद्धतीला भूआच्छादन वर्गीकरण म्हणतात. भूआच्छादन म्हणजे भूवापर नव्हे. क्रिकेटचे मैदान, गुरचरण आणि धावपट्टीलगतची मोकळी जागा या तिन्हींचा वापर वेगळा, पण उपग्रहाला तिन्हीकडे गवतच दिसते. वापर कळण्यासाठी महसुली नोंदी किंवा गावची माहिती लागते. दोन्हींची सरमिसळ झाली की नकाशा वाचणारा हमखास फसतो.

नागरी भूनिरीक्षणाची सुरुवात २३ जुलै १९७२ रोजी सोडलेल्या लँडसॅट-१ या अमेरिकी उपग्रहाने झाली. त्याचा पिक्सेल सुमारे ८० मीटरचा होता. मात्र अख्ख्या जगाचा नकाशा आधी तयार झाला तो हवामान उपग्रहांच्या ढोबळ प्रतिमांवरून, कारण ते रोज सगळी पृथ्वी पाहतात. आंतरराष्ट्रीय भूआवरण-जीवावरण कार्यक्रमासाठी केलेला १ किमीचा नकाशा एप्रिल १९९२ ते मार्च १९९३ या काळातील प्रतिमांवर आधारलेला असून त्यात १७ वर्ग आहेत. पुढे २००० सालासाठी युरोपीय संयुक्त संशोधन केंद्राने स्पॉट-४ उपग्रहावरून १ किमीचा नकाशा केला. २००१ पासून नासाच्या उपग्रहांवरील मोडिस संवेदकावरून ५०० मीटरचा (प्रत्यक्षात सुमारे ४६३ मीटर) वार्षिक नकाशा निघू लागला, नंतर युरोपीय अंतराळ संस्थेचा ३०० मीटरचा आणि चीनचे ३० मीटरचे नकाशे आले. लँडसॅटचा संपूर्ण संग्रह २००८ मध्ये मोफत खुला झाला नसता तर ३० मीटरचे जागतिक नकाशे होणे कठीण होते. २०२० आणि २०२१ या वर्षांसाठीचा युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘वर्ल्डकव्हर’ १० मीटरवर आहे. १ किमीचा पिक्सेल म्हणजे १०० हेक्टर, एखाद्या लहान वाडीचे सगळे शिवार; १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास एक गुंठा.

पिक्सेलचे क्षेत्र असे दहा हजार पटींनी लहान झाले, पण अचूकता तेवढी वाढली नाही. १९९२–९३च्या नकाशाची क्षेत्रभारित (वर्गाच्या क्षेत्राप्रमाणे वजन देऊन काढलेली) अचूकता ६६.९ टक्के निघाली होती, २०२१च्या वर्ल्डकव्हरची एकूण अचूकता ७६.७ टक्के आहे. पहिल्यात १७ वर्ग, दुसऱ्यात ११, शिवाय तपासणीची रीतही वेगळी. तेव्हा हे आकडे शेजारी ठेवताना सावधगिरी हवीच. तरीही अडचण केवळ कॅमेऱ्याची नाही एवढे त्यावरून दिसते. ती बऱ्याच अंशी वर्गांच्या व्याख्येत आहे.

वर्गांच्या व्याख्या

निसर्गात झाडीची दाटी शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत अखंड बदलत जाते. वर्गीकरणात तिच्यावर रेघा ओढाव्या लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या भूआच्छादन प्रणालीत आधी तीन प्रश्न विचारतात : वनस्पती आहेत का (वर्षात किमान दोन महिने ४ टक्के आच्छादन), जागा कोरडी की पाण्याखालची, आणि आच्छादन नैसर्गिक की मानवी. या तीन दुफाट्यांतून आठ मूळ गट पडतात आणि पुढे उंची, दाटी, पानांचा प्रकार असे गुण जोडले जातात. मुळात हा वर्गांचा साचा नसून वर्गाचे वर्णन करण्याची भाषा आहे, आणि म्हणूनच ती टिकली.

रेघ कुठे ओढली यावर आकडा कसा फिरतो पाहा. एखाद्या टेकडीवर ४५ टक्के छत्र (पानाफांद्यांनी वरून झाकलेली जमीन) असलेली, सहा-सात मीटर उंचीची झाडी आहे. १७ वर्गांच्या जुन्या पद्धतीत वनाला ६० टक्क्यांहून अधिक छत्र लागते, म्हणून ही टेकडी ‘वृक्षयुक्त सॅव्हाना’ (३० ते ६० टक्के) ठरते. वर्ल्डकव्हरमध्ये १० टक्क्यांपासून पुढे ‘वृक्षाच्छादन’. भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी ४० ते ७० टक्के म्हणजे ‘मध्यम घनदाट वन’. टेकडी तीच, झाडे तीच.

फळबागांचा घोळ याहून मोठा. भारतीय वन सर्वेक्षण किमान एक हेक्टर क्षेत्र आणि १० टक्के छत्र असले की मालकी, झाडांची जात किंवा कायदेशीर दर्जा न पाहता वनाच्छादन मोजते. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंबा-काजूच्या सलग बागा त्यात येतात. वर्ल्डकव्हरच्या शेतीवर्गात फक्त वर्षाच्या आत पेरून काढली जाणारी पिके आहेत, म्हणून तिथेही या बागा वृक्षाच्छादनच. अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत (अर्धा हेक्टर, ५ मीटर उंची, १० टक्के छत्र) शेतीसाठी वापरलेली जमीन वन धरत नाहीत. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूवापर नकाशात अशा बागा कृषी लागवड या वर्गात पडतात. कोकणात वन वाढले की घटले यावरचे अनेक वाद व्याख्या समोर ठेवल्या तर तिथेच मिटतील.

‘पडीक जमीन’ हा वर्ग तर महसुली भाषेतून आला आहे, निसर्गाच्या निरीक्षणातून नव्हे. पुणे-सोलापूरकडची गवताळ माळराने आणि कोकणातील कातळसडे त्यात ढकलले जातात. पावसाळ्यात फुलणारा सडा मे महिन्याच्या प्रतिमेत निव्वळ उघडा खडक असतो.

प्रतिमेपासून नकाशापर्यंत

आज बहुतेक काम युरोपचे सेंटिनेल-२ आणि अमेरिकेचे लँडसॅट या उपग्रहांवर चालते. सेंटिनेल-२ला १३ बँड (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे) आहेत. निळा, हिरवा, लाल आणि निकट अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) हे चार १० मीटरचे, बाकीचे २० किंवा ६० मीटरचे. दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावर दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात.

पहिले काम म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून पृष्ठभागाचे परावर्तन मिळवणे. इथे एक खड्डा आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२च्या मूल्यांत १००० मिळवलेले असतात. परावर्तन काढताना ते वजा करून मग १०,००० ने भागायचे. जुन्या-नव्या प्रतिमा हे न पाहता एकत्र केल्या तर सगळ्या बँडांत ०.१ची खोटी उडी दिसते, आणि ती अख्ख्या जिल्ह्यातला बदल म्हणून नकाशात उतरते.

मग ढग काढायचे. ढगाची सावली पाणी समजली जाते. पत्र्याची छपरे, मिठागरे आणि पांढरी वाळू ढग समजून पुसली जातात. सह्याद्रीच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर निरभ्र प्रतिमा क्वचितच हाती लागते. तिथे सेंटिनेल-१चे रडार कामी येते, कारण त्याची सुमारे ५.६ सेंमीची लहर ढगांतून पार होते. लावणीच्या वेळी पाणी भरलेले भातखाचर रडारचा किरण आरशासारखा दूर फेकते, म्हणून काळे दिसते. रोप वाढते तसा परतावा वाढत जातो. हा चढ भात ओळखण्याची चांगली खूण आहे. उलट घाटातल्या खड्या उतारांवर रडारची प्रतिमा दुमडते किंवा सावलीत जाते. तिथे तिच्यावर विसंबू नये.

एका दिवसाच्या प्रतिमेवरून वर्ग ठरवणे धोक्याचे. म्हणून वर्षभराच्या निरीक्षणांतून प्रत्येक पिक्सेलसाठी मध्यक, दहावे आणि नव्वदावे शतमक (ज्याच्याखाली १० किंवा ९० टक्के निरीक्षणे येतात ते मूल्य) अशी मूल्ये काढतात. वनस्पती निर्देशांक त्यातला सर्वांत उपयोगी : निकट अवरक्त वजा लाल, भागिले दोन्हींची बेरीज. हिरव्यागार पिकावर लाल ०.०५ आणि अवरक्त ०.४० असेल तर निर्देशांक ०.७८ येतो; उघड्या मातीवर ०.२० आणि ०.२५ असेल तर ०.११, पाण्यावर तो बहुधा शून्याखाली जातो. वर्षातला चढउतारच वर्ग सांगतो. सदाहरित वन वर्षभर वरच राहते, खरिपाचे शेत एकदा चढून उतरते, बागायत दोनदा चढते. जोडीला उंची आणि उतार देतात.

आता प्रशिक्षण नमुने. अतिसूक्ष्म प्रतिमा पाहून माणसे बिंदूंना वर्ग देतात. बिंदू निवडणाऱ्याला स्वच्छ, मोठ्या, एकजिनसी जागा आवडतात आणि कडेचे, मिश्र पिक्सेल सुटतात. प्रणाली मग सोप्या जागीच हुशार होते. दुर्मीळ वर्गाचे नमुने मुद्दाम जास्त घ्यावे लागतात, पण फार जास्त घेतले की तो वर्ग नकाशावर फुगतो. वर्गीकरणासाठी पूर्वी संभाव्यतेचे सूत्र किंवा आपोआप पडलेल्या गुच्छांना हाताने नाव देण्याची रीत होती. आता निर्णयवृक्षांचे समूह, म्हणजे रँडम फॉरेस्ट आणि ग्रेडियंट बूस्टिंग, प्रचलित आहेत. शेजारच्या पिक्सेलांचा आकृतिबंध वाचणारी सखोल जाळीही (डीप लर्निंग) आली. पद्धत बदलून मिळणारा फायदा चांगल्या नमुन्यांपेक्षा बहुधा कमीच असतो.

शेवटी हाताने नियम लावतात. खारफुटी समुद्रापासून दूर, उंचावर असू शकत नाही. तशी आली तर ती वृक्षाच्छादनात वळवायची.

नेहमीच्या गफलती

विदर्भातले सागवान फेब्रुवारी ते मे पानगळीत असते. केवळ उन्हाळी प्रतिमा घेतल्या तर वन झुडपी दिसते. दख्खनची ओली काळी माती आणि उघडा बसाल्ट यांचे परावर्तन डांबर आणि काँक्रीटच्या जवळ जाते, त्यामुळे नांगरलेल्या रानात मधेच ‘बांधकाम’ उगवते. ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो. वार्षिक पिकाचा चढउतार त्यात नसल्याने तो कधी गवत, कधी झाडी ठरतो. उजनीसारख्या धरणाचे पाणी उतरले की काठावर गाळपेर होते. वर्षात नऊ महिन्यांहून जास्त पाणी असेल तरच ‘कायम पाणी’ अशी अट असल्याने तोच पट्टा पाऊसमानानुसार एका वर्षी पाणी आणि दुसऱ्या वर्षी शेती होतो. दगडाच्या खाणी वर्ल्डकव्हरमध्ये बांधकामात नव्हे, उघड्या जमिनीत मोडतात.

वाळवंट, बर्फ, खोल पाणी आणि दाट सदाहरित वन यांवर जगभरचे नकाशे बऱ्यापैकी एकमत आहेत. सॅव्हाना, झुडपे, पाणथळ जागा आणि आफ्रिकेतील लहान शेते यांवर ते एकमेकांशी भांडतात.

अचूकता आणि क्षेत्रफळ

प्रशिक्षणात न वापरलेले यादृच्छिक बिंदू घेऊन नकाशाचा वर्ग आणि खरा वर्ग यांचे कोष्टक मांडतात. नकाशावर ‘झुडपे’ दाखवलेल्यांपैकी खरी किती, ही वापरकर्त्याची अचूकता. खऱ्या झुडपांपैकी नकाशाने किती पकडली, ही उत्पादकाची अचूकता. एकूण टक्केवारी पाहून समाधान मानू नये. अचूकता ७५ टक्क्यांच्या आसपास अपेक्षित असून प्रमाणत्रुटी (नमुन्यामुळे अंदाजात येणारी सरासरी चूक) १ टक्का हवी असेल तर ०.७५ × ०.२५ ÷ ०.०००१, म्हणजे १८७५ बिंदू लागतात. तपासणीचे बिंदू प्रशिक्षणाच्या बिंदूंना लागूनच असतील तर अचूकता फसवी वाढते, कारण शेजारची जमीन सहसा सारखीच असते.

क्षेत्रफळासाठी पिक्सेल नुसते मोजणे ही सर्वांत महागडी चूक. समजा १०,००,००० हेक्टरच्या नकाशात २०,००० हेक्टर वनतोड दिसते. त्या भागातील १०० बिंदूंपैकी ८० खरी तोड निघाले. उरलेल्या ९,८०,००० हेक्टरमधील ५०० बिंदूंपैकी ५ ठिकाणी सुटलेली तोड सापडली. मग अंदाज २०,००० × ०.८ + ९,८०,००० × ०.०१ = २५,८०० हेक्टर, आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे ८,७०० हेक्टर अधिक-उणे. केवळ पाच बिंदूंनी आकडा फिरवला, कारण ते फार मोठ्या भागाचे प्रतिनिधी आहेत.

वर्ल्डकव्हर अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर आहे. विषुववृत्तावर पिक्सेल सुमारे ९.३ मीटर रुंद, ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्मा. समक्षेत्र प्रक्षेपात (जिथे प्रत्येक पिक्सेलचे क्षेत्र सारखे असते) न नेता फिनलंडचे पिक्सेल मोजले तर जंगल दुपटीहून जास्त भरते.

दोन वर्षांचे नकाशे एकमेकांतून वजा करून बदल काढणेही तसेच. प्रत्येकी ८५ टक्के अचूक आणि स्वतंत्र चुकांचे दोन नकाशे असतील तर दोन्हीकडे बरोबर असलेले पिक्सेल सुमारे ७२ टक्केच. वर्षभरात खरा बदल मात्र बहुतेक प्रदेशांत एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. वर्ल्डकव्हरच्या २०२० आणि २०२१च्या आवृत्त्या तर वेगवेगळ्या कार्यपद्धतींनी केल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यातील फरकात जमिनीचा बदल किती आणि पद्धतीचा किती हे वेगळे करता येत नाही. बदल मोजायचा असेल तर तो त्याच कालमालिकेतून थेट ओळखावा, आणि बदललेल्या भागात तपासणीचे बिंदू जास्त ठेवावेत.