नाताळच्या कवितेतला तोटक

इंग्रजी कवितेला वृत्त नसते, नुसते यमक असते, असे आपल्याकडे पुष्कळ जण समजतात. त्यांनी २३ डिसेंबर १८२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापून आलेली, सांताक्लॉजच्या भेटीची ५६ ओळींची कविता मोठ्याने म्हणून पाहावी.

‘ट्वॉज द नाइट । बिफोर क्रिस । मस व्हेन ऑल । थ्रू द हाउस’ या पहिल्या ओळीत लघु, लघु, गुरू हा क्रम चार वेळा येतो. शाळेत गण पाडलेल्यांना यात ‘स’ गण ओळखू येईल, आणि चार ‘स’ म्हणजे आपला तोटक, ‘विदिताखिलशास्त्रसुधाजलधे’चा.

मात्र इथले लघु-गुरू आपले नव्हेत. आपल्याकडे दीर्घ स्वर किंवा पुढचे जोडाक्षर अक्षराला गुरुत्व देते. इंग्रजीत ते काम आघात करतो, म्हणून ‘थ्रू’ दीर्घ असूनही लघु ठरतो. आघात म्हणजे नुसता जोर नव्हे: त्या अक्षराचा सूर बहुधा बदलतो, स्वर लांबतो, आवाज वाढतो, आणि शेजारच्या आघातहीन अक्षरातला स्वर आक्रसून अस्पष्ट ‘अ’सारखा होतो. ‘बिफोर’मधल्या ‘फोर’वर एरवी आघात असतो, पण ‘नाइट’ आणि ‘क्रिस’ यांच्यामध्ये सापडल्याने तो दबतो. कान आघात मोजतो, म्हणूनच तिसऱ्या ओळीत अकराच अक्षरे असूनही चाल मोडत नाही. तोटकात एक अक्षर गळले तर वृत्तभंगच. शिवाय उपकरणाने मोजल्यास दोन आघातांमधली अंतरे समान भरत नाहीत; ठेक्याचा नेमकेपणा बराचसा ऐकणाऱ्याच्या अपेक्षेतून येतो. छंदाच्या ‘कंपनांनी’ पेशी शुद्ध होतात असे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी निदान एवढे ध्यानात घ्यावे.

पुनरुक्तीही याच हिशेबात बसते. सांताची घसरगाडी ओढणाऱ्या रेनडिअरना हाक मारताना आलेले ‘नाऊ, डॅशर! नाऊ, डान्सर!’ यातला दुसरा ‘नाऊ’ आधीच्या नावाच्या ‘शर’ या शेपटीशी मिळून दोन लघूंची जागा भरतो. ही ओळ ‘व्हिक्सन’वर, म्हणजे आघातानंतरच्या एका लघूवर संपते, त्यामुळे पुढच्या ओळीत यमक दोन अक्षरांचे हवे. मूळ छापात मात्र तिथे ‘वीज’ या अर्थाच्या डच शब्दावरून आलेले ‘ब्लिक्सेम’ होते, आणि शेवटचा ‘म’ यमकाला खुपत होता. १८३७च्या एका काव्यसंग्रहात त्याचे ‘ब्लिक्सेन’ झाले. १८४४ साली, या कवितेचे कवी मानले जाणारे क्लेमंट मूर यांनी कविता स्वतःच्या संग्रहात घेतली तेव्हा ‘ब्लिट्झेन’. यमक किंचित सैल झाले, पण आज रेनडिअरचे नाव तेच आहे.