हौशी विमान : इंजिनाची निवड आणि वजनमर्यादा

कारखान्यात न घडता, शिकण्यासाठी वा हौसेसाठी एखाद्या माणसाने किंवा छोट्या गटाने स्वतः बांधलेल्या विमानाला हौशी विमान म्हणतात. अमेरिकेत अशा बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाच्या हातचा असावा लागतो. ही अट ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’ म्हणून ओळखली जाते. मराठी वाचकांना यातले जवळचे नाव म्हणजे कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान उभे केले, ते २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले, २०१७मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली.

विमान बांधायला घेणारा नवखा माणूस बहुधा पहिल्यांदा अश्वशक्ती विचारतो. खरे तर त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : विमान कोणत्या वजनगटात बसवायचे आणि त्यातले किती किलो इंजिनाच्या वाट्याला द्यायचे. राइट बंधूंचे १९०३चे इंजिन चार्ली टेलर यांनी घडवले. ते जेमतेम १२ अश्वशक्तीचे होते, पण ॲल्युमिनियमचा ठोकळा वापरून त्याचे वजन ८० किलोंच्या आसपास राखले, म्हणून विमान जमिनीवरून सुटले.

वजनाचे गट देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत एकआसनी अल्ट्रालाइटचे रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोंपेक्षा कमी असावे लागते. युरोपात दोनआसनी मायक्रोलाइटची मर्यादा दीर्घकाळ ४५० किलो होती आणि अख्ख्या विमानाला तोलून खाली उतरवणारी संकटकालीन हवाईछत्री बसवली असेल तर ४७२.५ किलो. ६०० किलोंचा हलक्या क्रीडाविमानांचा गट अमेरिकेने २००४मध्ये आणला. पहिला आकडा रिकाम्या विमानाचा आहे, बाकीचे माणसे, इंधन आणि सामानासह भरलेल्या विमानाचे. हा फरक नजरेतून सुटला की पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

एक उदाहरण मांडून पाहू. ४५० किलोंच्या गटासाठी बांधलेले विमान रिकामे २८५ किलो भरले. ८० किलोंची दोन माणसे बसली की ४४५ झाले. उरले ५ किलो, म्हणजे सुमारे ७ लिटर पेट्रोल. शंभर अश्वशक्तीचे इंजिन सफरीच्या वेगाने तासाला १८ ते २० लिटर पिते, तेव्हा अर्धा तासही पुरणार नाही. बांधताना ‘एवढ्याशा किलोने काय होते’ म्हणत घातलेली जाड पट्टी, जास्तीचे राळेचे थर, मऊ गादी हे सगळे शेवटी टाकीतून वजा होते. आणि मर्यादा ओलांडून उडायचे म्हटले तर निसर्ग सोडत नाही : वजन दहा टक्के वाढले की विमान ज्या वेगाखाली तरंगणे सोडते तो वेग सुमारे पाच टक्के वाढतो, उतरताना धावपट्टी जास्त लागते.

इंजिनांपैकी या गटात सर्वाधिक दिसणारे ऑस्ट्रियातील रोटॅक्स ९१२. चार सिलिंडर समोरासमोर आडवे, डोकी पाण्याने आणि सिलिंडर हवेने थंड होणारे, ८० आणि १०० अश्वशक्तीच्या रूपांत. ते मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरते, पण पंखा इतका वेगात फिरवता येत नाही, टोके ध्वनीच्या वेगापलीकडे जातील. म्हणून मध्ये २.४३ पट वेग घटवणारी दातेरी पेटी असते (८० अश्वशक्तीच्या रूपात बहुधा २.२७). ऑस्ट्रेलियाचे जबिरू २२०० सुमारे ८५ अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे आणि पंखा थेट दांड्यावर बसवलेले. जुने काँटिनेंटल ओ-२०० शंभर अश्वशक्तीचे, २७५० फेऱ्यांत काम करणारे, विश्वासू पण वजनदार. फोक्सवागन बीटलचे इंजिन विमानासाठी बदलून घेणे ही हौशी लोकांची जुनी परंपरा आहे. दोनठोक्यांची (टू-स्ट्रोक) इंजिने हलकी आणि स्वस्त असतात. त्यांपैकी रोटॅक्स ५८२ तीनशे तासांनी पूर्ण खोलून दुरुस्त करावे लागते, हे मात्र खरेदीच्या वेळीच मनाशी धरावे.

पत्रकातले इंजिनाचे वजन सुटे असते. धुराडे, रेडिएटर, तेल, पाणी, इंजिन धरणारा पाळणा, बॅटरी आणि पंखा जोडले की ते बरेच वाढते, आणि हे सारे नाकावर येते. ३५० किलोंच्या विमानात तोलबिंदूच्या, म्हणजे जिथे सगळे वजन तोलले जाते त्या बिंदूच्या, १.२ मीटर पुढे १५ किलो वाढले, तर तोलबिंदू सुमारे ५ सेंटिमीटर पुढे सरकतो. अशा छोट्या विमानात तोलबिंदूला पुढेमागे सरकायची मुभाच वीसेक सेंटिमीटरची असते.

वजन करायची रीत साधी, पण चोख हवी. दारे-खिडक्या बंद करून वारा अडवावा, तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवावेत, पाणसळ लावून विमान समपातळीत आणावे. पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करावी आणि तिथून प्रत्येक चाकाचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. काट्यावरचा आकडा गुणिले अंतर (खुणेच्या पुढचे अंतर उणे धरून), त्यांची बेरीज, भागिले एकूण वजन, की तोलबिंदू हाती येतो. रंग दिल्यावर हे पुन्हा करावे लागते, कारण रंगाचेही किलो भरतात.

बडोद्यात हा उद्योग मांडणाऱ्याला उन्हाळ्याचा विचार आधी करावा लागतो. हरणी विमानतळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर आहे, पण मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा हजार मीटर उंचीवरच्या हवेसारखी विरळ होते. टर्बो नसलेले इंजिन सुमारे दहावा हिस्सा शक्ती गमावते; शंभराचे नव्वद उरतात. भरलेले विमान दुपारी न उडवता पहाटे उडवावे, आणि पाण्याने थंड होणारे इंजिन असेल तर रेडिएटर युरोपातल्या नकाशाबरहुकूम न ठेवता मोठा घ्यावा, असे माझे मत आहे.

इंधनाचा प्रश्नही इथला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर रोटॅक्स ९१२ला १० टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. इथेनॉल ओलावा शोषते, रबरी नळ्या आणि राळेच्या टाक्या खाते. दुसरी वाट विमानाच्या पेट्रोलची. शिसे असलेले हे इंधन, एव्हगॅस १०० एलएल, इंडियन ऑइलच्या कोयलीच्या गुजरात रिफायनरीत बनते आणि २०२२मध्ये ते बाजारात आले. बडोदेकराला ही गोष्ट अभिमानाची आहे. पण शिशाचे साके साचतात म्हणून रोटॅक्समधले तेल लवकर, पंचवीस तासांनी, बदलावे लागते.

उडण्याआधी इंधनाचा ओघ मोजतात. टाकी वरच्या पंखात असून इंधन उतारानेच येत असेल, तर पूर्ण शक्तीला लागणाऱ्या ओघाच्या दीडपट ओघ मिळायला हवा. रोटॅक्सचे शंभर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण शक्तीला तासाला सुमारे २७ लिटर घेते, म्हणजे ४० लिटरांहून थोडा जास्त ओघ हवा. नाक चढणीच्या कोनात उचलून धरावे, नळी कॅनमध्ये सोडावी आणि घड्याळ लावावे : पाव तासात दहा लिटर भरले पाहिजेत. कमी भरले तर गाळणी, वळण किंवा टाकीचे श्वासछिद्र अडलेले असते, आणि ते शोधूनच इंजिन सुरू करावे.

बडोद्यात तंत्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे : इथले कलाभवन १८९०मध्ये सयाजीराव गायकवाडांनी उभे केले. आज ती सयाजीराव विश्वविद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. २०२४मध्ये याच शहरात सी-२९५ वाहतूक विमानांचा कारखाना सुरू झाला. हातात कानस धरणाऱ्या माणसाला इथे बोलायला जाणकार मिळतात. विमान बांधून झाल्यावर चाचणी उड्डाणे किती तास करायची, हे अमेरिकेत मात्र इंजिनच ठरवते : प्रमाणित इंजिन आणि पंख्याची जोडी असेल तर साधारण २५ तास, नाहीतर ४०.