लस-इजा भरपाई (अमेरिका)

लस घेतल्यानंतर झालेल्या गंभीर इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल, कोणाचीही चूक सिद्ध न करता निधीतून भरपाई देण्याची व्यवस्था. जर्मनीत १९६१ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये असे कायदे झाले. अमेरिकेतील योजना १९८६ च्या कायद्याने आली आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून सुरू झाली.

तिचे मूळ त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील) लसीच्या वादात आहे. लस टोचल्यावर झटके येऊन मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि त्याला लसीतील डांग्या खोकल्याचा घटक कारणीभूत आहे, असे म्हणत अनेक पालक १९८० च्या दशकात न्यायालयात गेले. कंपन्या उत्पादन सोडू लागल्या, किमती वाढल्या, लसीचा तुटवडा पडला. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा १४ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा ११ जणांत अपस्माराशी संबंधित एका जनुकातील बदल सापडला. त्या पालकांचे दुःख खरे होते. कारण मात्र बहुधा दुसरेच होते. लस-इजेच्या प्रत्येक दाव्यात हीच अडचण असते: लसीनंतर घडलेले सारे लसीमुळेच घडलेले नसते आणि एका रुग्णापुरता त्याचा निवाडा करणे फार कठीण असते.

निधी लसीवरील करातून येतो. प्रत्येक मात्रेवर, ती ज्या रोगांपासून संरक्षण देते त्या दर रोगामागे ७५ सेंट. म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एका मात्रेवर २.२५ डॉलर. दावा कंपनीविरुद्ध नव्हे, तर आरोग्य खात्याच्या मंत्र्याविरुद्ध, वॉशिंग्टनमधील संघीय दावे न्यायालयात, पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत दाखल करावा लागतो. मृत्यूच्या दाव्यांची मुदत वेगळी आहे. सुनावणी ज्यूरीपुढे न होता विशेष न्यायाधिकाऱ्यांपुढे होते. कायद्याला जोडलेल्या तक्त्यातील इजा ठरलेल्या कालावधीत झाली, तर कारण लसच असे गृहीत धरले जाते. उदाहरणार्थ, चार तासांच्या आत आलेली तीव्र अ‍ॅलर्जी. तक्त्याबाहेरच्या इजेसाठी २००५ च्या अल्थेन निकालाची कसोटी लागते: लसीने अशी इजा कशी होऊ शकते याची वैद्यकीय उपपत्ती, कार्यकारणाची तर्कसंगत साखळी आणि लस व इजा यांच्यात योग्य कालसंबंध. दावा फेटाळला गेला तरी तो प्रामाणिक व सकारण असेल, तर वकिलाची फी निधीतूनच मिळते. या तरतुदीमुळे सामान्य कुटुंबालाही दाद मागता येते.

आजवर सुमारे पाच अब्ज डॉलर दिले गेले आहेत. हा आकडा लसी घातक असल्याचा पुरावा म्हणून फिरवला जातो, ते चूक आहे. भरपाई मिळालेल्या दाव्यांपैकी निम्म्याहून अधिक तडजोडीने मिटतात आणि त्यांत लसीनेच इजा झाली असा निष्कर्ष काढलेला नसतो. शिवाय वाटलेल्या दर दहा लाख मात्रांमागे भरपाई मिळणारी व्यक्ती साधारण एकच आहे. लसीमुळे स्वमग्नता येते असे सांगणारे पाच हजारांहून अधिक दावे आले होते. त्यांतील नमुना खटले, म्हणजे सर्वांच्या वतीने आधी चालवलेले मोजके खटले, २००९ आणि २०१० मध्ये फेटाळले गेले.

योजनेतील उणिवाही लहान नाहीत. वेदनेबद्दलची कमाल रक्कम आणि मृत्यूची भरपाई १९८६ मध्ये प्रत्येकी अडीच लाख डॉलर ठरली, ती तशीच आहे. तेव्हापासून वाढलेली महागाई पाहता हे अन्यायाचे आहे. लसीची रचनाच सदोष होती म्हणून कंपनीवर दावा करण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या ब्रूसेविट्झ खटल्यात बंद केली. कोविडच्या लसींसाठीची वेगळी योजना तर फारच कडक निघाली: मुदत लस घेतल्यापासून एक वर्ष, वेदनेची भरपाई नाही, वकिलाची फी नाही. हजारो अर्ज आले. मंजूर झाले मोजकेच.

भारतात औषधचाचणीत इजा झाल्यास २०१९ च्या नियमांनुसार भरपाई मिळते. कोविड लसीकरणातील कथित मृत्यूंबाबत मात्र केंद्र सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आपली जबाबदारी नाकारली आणि कुटुंबांनी दिवाणी न्यायालयात जावे, असे म्हटले. तिथे निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे त्या कुटुंबांवरच पडते.